बोटभर सैन्य

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत चक्कर मारली, तर पणत्यांच्या ढिगाशेजारी एक फौज उभी असते. हातात भाला घेतलेला मावळा, तुतारीवाला, सिंहासनावर बसलेले महाराज, दोन तोफा, एक वाघ, डोक्यावर घागर घेतलेली गवळण आणि कधी कधी वासुदेवसुद्धा. उंची बोटभर ते वीतभर, रंग भडक. मुले ती हट्टाने घेतात, किल्ल्यावर मांडतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ती पावसाने, मांजराने किंवा फटाक्याने संपतात. एवढ्या अल्पायुषी वस्तूला इतिहास असतो, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. किल्ल्यांवर ग्रंथ आहेत, शस्त्रांवर आहेत, नाण्यांवर आहेत. खेळण्यातल्या सैनिकावर मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. इतिहास मी वाचत, विचारत आणि एस.टी.ने हिंडत शिकलो. या विषयाकडे मी वळलो तो घरच्यांमुळे. गेली काही वर्षे आमच्या घरात युद्धखेळासाठीचे छोटे सैनिक रंगवण्याचा छंद रुजला आहे. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि सुटीत येताना २८ मिलिमीटर उंचीच्या, न रंगवलेल्या सैनिकांचा एक डबा घेऊन आली. आता दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले जाते आणि आम्ही तिघे आपापला कुंचला घेऊन बसतो. छंद परका वाटेल. पण रंगवता रंगवता जे प्रश्न पडले ते अगदी इथल्या मातीतले होते. हा लेख त्या प्रश्नांचा माग आहे.

जर्मनीचे कथील, लंडनचे शिसे

युरोपातली हकिगत आधी थोडक्यात सांगतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग शहरात हिलपर्ट या कारागीर घराण्याने कथलाचे चपटे सैनिक ओतायला सुरुवात केली. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या विजयांचा तो काळ. घरोघरी त्याच्या पलटणी पोहोचल्या त्या या कथलाच्या रूपात.

पुढचा टप्पा लष्करी आहे. १८१२ मध्ये फॉन राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने प्रशियाच्या राजाला एक मोठे टेबलच भेट दिले. त्यावर नद्या, टेकड्या, गावे दाखवणारे सुटे चौकोन मांडायचे आणि सैन्याचे ठोकळे हलवायचे. १८२४ मध्ये त्याच्या मुलाने या खेळाचे नियम छापले आणि प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी हा खेळ वापरला जाऊ लागला. फाशांनी दैव ठरायचे आणि पंच निकाल द्यायचा. आजच्या सगळ्या युद्धखेळांचा वंश तिथपर्यंत पोहोचतो.

तिसरा टप्पा घरातला आहे. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने शिशाचे पोकळ सैनिक ओतण्याची युक्ती काढली. शिसे कमी लागू लागले, किंमत उतरली आणि मध्यमवर्गीय मुलांच्या हाती ५४ मिलिमीटरच्या पलटणी आल्या. १९१३ मध्ये कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून या सैनिकांशी मोठ्या माणसांनी कसे खेळावे, याचे नियम दिले. खरी युद्धे करण्यापेक्षा दिवाणखान्यातले युद्ध बरे, असा वेल्स यांचा रोख होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

या इतिहासात एक गोष्ट सहसा मागे राहते. हे हजारो सैनिक रंगवत कोण होते? ओतकाम कारखान्यात होई, पण रंगकामाचा मोठा भाग घरी बसून काम करणाऱ्या बायकांकडे जाई. न्यूरेम्बर्गच्या परिसरातही तेच, लंडनमध्येही तेच. युद्धाचे खेळणे पुरुषी, आणि त्यावरचा लाल डगला, काळी टोपी, गालावरचा गुलाबी ठिपका मात्र स्वयंपाक उरकून बसलेल्या बायकांच्या हातचा.

आता आपल्याशी असलेला धागा. ब्रिटन कंपनीच्या जुन्या संचांमध्ये ‘हैदराबाद कंटिंजंट’च्या घोडेस्वारांचाही एक संच होता. निजामाच्या खर्चाने उभी राहिलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेली ही फौज. तिच्या छावण्या हिंगोलीला होत्या, मोमिनाबादला म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होत्या, जालना आणि औरंगाबादला होत्या. म्हणजे नांदेड आणि लातूर या दोन्हींच्या अगदी उंबऱ्यापाशी. हिंगोलीच्या माळावर कवायत करणारा स्वार शिशात ओतला गेला, लंडनच्या कुठल्याशा खोलीत रंगला आणि इंग्रज मुलांच्या गालिच्यावर दौडला. हिंगोलीच्या मुलांपर्यंत मात्र तो येण्याचे काही कारण नव्हते. आपल्या भागातला सैनिक खेळणे झाला, पण दुसऱ्यांचे.

आपले जुने बोटभर वीर

मग आपल्याकडे काय होते? मराठवाड्यात फिरताना उत्तर पायाखाली सापडते. गावाच्या वेशीजवळ, मारुतीच्या पाराला टेकून, कधी ओढ्याच्या काठी आडवा पडलेला वीरगळ दिसतो. खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरे पळवणाऱ्यांशी झुंज आणि पडलेला वीर, वरच्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. त्यांतले ढाल-तलवारीचे पायदळ आणि घोडेस्वार बहुधा वीतभराहून मोठे नसतात. कारागिराने तेवढ्या जागेत घोड्याचा लगाम, वीराचा अंबाडा, ढालीचा गोल हे सगळे कोरलेले असते. एस. सेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी १९८२ मध्ये संपादित केलेल्या स्मृतिशिळांवरच्या ग्रंथामुळे अभ्यासकांचे लक्ष या दगडांकडे गेले. गावाचे लक्ष त्याआधीपासूनच होते. गावाने त्यांना शेंदूर लावला होता. माझ्या मते शेंदूर हा आपल्याकडच्या छोट्या सैनिकावर चढलेला सर्वात टिकाऊ रंग होय.

दुसरा वीर देवघरात आहे. आपल्या अनेक घरांत चांदीचे किंवा पितळेचे टाक असतात. पातळ पत्र्यावर ठसा उठवून केलेले. घोड्यावर बसलेला खंडोबा, मागे म्हाळसा, हातात उगारलेली तलवार, पायाशी कुत्रा. काही घराण्यांत लढाईत पडलेल्या पूर्वजाचाही टाक असतो. त्याला ‘वीर’ म्हणतात आणि सणावाराला त्याची पूजा होते. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते. तिथे एकीकडे खऱ्या घोड्यांचा बाजार आणि दुसरीकडे देवाचा अंगठ्याएवढा घोडेस्वार. मोठे आणि छोटे घोडदळ एकाच माळावर बघायचे असेल, तर माळेगावसारखी जागा नाही.

तिसरा धागा ग्रंथातला. लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे बसवकल्याण आहे, म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाने कोणकोणते खेळ खेळावेत, याची मोठी यादी आहे. त्या यादीत चतुरंग म्हणजे बुद्धिबळ आहे, वालुकाक्रीडा म्हणजे वाळूतला खेळ आहे आणि भूधरक्रीडा म्हणजे डोंगराचा खेळही आहे. यावरून दिवाळीचा किल्ला चालुक्यांपासून चालत आला, असे कोणी म्हणू नये. मीही म्हणत नाही. पण डोंगर, वाळू आणि चार अंगांचे सैन्य या तिन्ही गोष्टी खेळाच्या सदरात एकत्र नोंदवणारा ग्रंथ आपल्या शेजारी लिहिला गेला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याच ग्रंथात चित्रकलेचे प्रकरण आहे. म्हशीचे कातडे उकळून केलेला वज्रलेप नावाचा सरस, त्यात पांढरी माती मिसळून द्यायचा थर, मग गेरू, हरताळ, नीळ, काजळ असे रंग. आमच्या टेबलावर मुलगी सैनिकाला आधी पांढरा अस्तर-रंग देते, तो वाळल्यावर मूळ रंग, मग खोलगट भागात पातळ काळसर रंग सोडते आणि शेवटी उंचवट्यांवर उजळ रंगाचा कोरडा कुंचला फिरवते. डबीवरची नावे इंग्रजी असतात. पण क्रम पाहिला तर आधी अस्तर, मग रंग, मग छाया, मग रेघ. नऊशे वर्षांत यात फार फरक पडलेला नाही.

चौथा धागा सर्वात जवळचा. नांदेडच्या पलीकडे, आज तेलंगणात असलेले निर्मल हे गाव. १९५६ पर्यंत नांदेड आणि निर्मल एकाच हैदराबाद संस्थानात आणि नंतर राज्यात होते. निर्मलचे नक्काश पोणकी नावाच्या अतिशय हलक्या लाकडाची फळे, पक्षी, प्राणी आणि बाहुल्या कोरतात. लाकडाचे जोड आणि भेगा चिंचोक्याच्या लगद्याने बुजवतात आणि मग रंग देतात. चिंचोक्याची खळ आपल्याकडे घोंगडीला लागते, तशी तिथे खेळण्याला. निर्मलच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. राज्याची सीमा आखली गेली आणि आपल्या शेजारचे रंगाऱ्यांचे गाव ‘दुसऱ्या राज्याचे’ झाले. आज नांदेडची मुले निर्मलचे नाव घाटासाठी ऐकतात, खेळण्यांसाठी नाही.

मावळा कसा घडतो

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत दिवाळीचा किल्ला नव्हता. आमच्याकडे मातीचे खेळणे म्हणजे पोळ्याचे बैल. कुंभार दारोदार देऊन जायचा आणि बदल्यात धान्य न्यायचा. शिंगे रंगवायची, पाठीवर झूल म्हणून लाल पट्टा ओढायचा, हे काम घरातल्या मुलांचे. दुसरे रंगकाम महालक्ष्म्यांच्या आराशीचे. त्यातही सैनिक असत, पण ते पायरीवर दिवे घेतलेल्या बाहुल्यांच्या शेजारी, केवळ शोभेला. किल्ला पुढे आला तो पाठ्यपुस्तकातून, पुण्या-मुंबईला गेलेल्या नातेवाइकांकडून, किल्ले स्पर्धांमधून आणि दूरदर्शनवरून.

लातूरजवळच्या एका गावात मी एका कुंभार कुटुंबाकडे तीन-चारदा गेलो. त्यांचा मावळा आता प्लास्टर ऑफ पॅरिसचा असतो. मी मातीबद्दल विचारले, तेव्हा घरातल्या मावशी म्हणाल्या, “मातीचा करायला परवडत नाही, दादा. तळ्यातला गाळ आणायचा, चाळायचा, लीद मिसळायची, भट्टी लावायची. साच्यातला पांढरा मावळा अर्ध्या तासात सुटतो.” साचे पुण्याकडून आणलेले. त्यामुळे गंजगोलाईतला मावळा आणि कसबा पेठेतला मावळा एकाच तोंडवळ्याचे. रंगकाम घरातल्या बायकांचे. एकजण नुसता अंगाचा रंग मारते, दुसरी पागोटी, तिसरी तलवारीला चंदेरी. डोळ्यांची आखणी सर्वात शेवटी आणि ती सर्वात जाणत्या बाईकडे. “डोळे चुकले तर मावळा झोपेत लढाईला निघाल्यासारखा दिसतो,” असे मावशी म्हणाल्या. एका मावळ्यामागे हाती किती उरते, हे त्यांनी सांगितले. तो आकडा इथे लिहायला मला संकोच वाटतो.

लंडनच्या बायकांची आठवण मला तिथेच झाली. सैन्य कोणाचेही असो, त्याला डोळे देणारा हात असाच कुठेतरी बसलेला असतो.

रंगाबद्दल एक व्यावहारिक गोष्ट इथेच सांगून टाकतो. जुने शिशाचे सैनिक आणि शिसेयुक्त रंग मुलांच्या शरीराला घातक असतात. आपल्या देशात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवणारा नियम २०१६ मध्ये निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. सुटा, बिनलेबलचा रंग स्वस्त मिळतो म्हणून मुलांच्या हाती देऊ नये. कुंचला ओठांनी टोकदार करण्याची सवय तर मोठ्यांनीही सोडावी.

डोंगर नसलेल्या मुलखातला डोंगरी किल्ला

आमच्याकडची मुले किल्ला करतात तो हमखास डोंगरी. विटा, दगड, वर पोते, त्यावर चिखल, उतारावर अळीव आणि मोहरी. वर महाराज, खाली गाव. हा सह्याद्रीचा नकाशा आहे आणि तो सुंदर आहे. प्रश्न एवढाच की, लातूर-नांदेडचे बहुतेक नामांकित किल्ले असे नाहीत. माहूरचा अपवाद सोडला तर औसा, उदगीर, कंधार हे भुईकोट. खंदक, दुहेरी तटबंदी, बुरुजांवर लांबलचक तोफा. कंधारचे नाते राष्ट्रकूटांशी. तिथला जगत्तुंग सागर आणि पाण्याचा खंदक आजही बघण्यासारखा आहे. औसा आणि उदगीर बहमनी काळापासूनची नावाजलेली ठाणी. १६३६ मध्ये शाहजहानच्या सरदाराने, खान-ए-दौरानने, ही दोन्ही एकाच मोहिमेत घेतली.

भुईकोटाचे शास्त्रच वेगळे. डोंगरी किल्ल्याला उंची राखते, भुईकोटाला पाणी आणि तोफ. औशाच्या मुलाने घराच्या अंगणात औसा करायचा ठरवला, तर त्याला पोत्याखाली विटा रचून भागणार नाही. त्याला खंदक खणावा लागेल, आत पाणी टिकवावे लागेल, दरवाजा सरळ रेषेत न ठेवता वळणावर का ठेवला, याचा विचार करावा लागेल. शाळेजवळचा किल्ला बघायला जावे लागेल. हे काम कठीण आहे, पण त्यात जे शिक्षण आहे ते तयार साच्यात नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले. आनंदाची गोष्ट. त्या यादीचा विषय मराठा लष्करी स्थापत्य, त्यामुळे तीत मराठवाड्यातला एकही किल्ला नाही, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण त्यामुळे आपले किल्ले आपल्याच मुलांच्या नजरेतून आणखी दूर जाऊ नयेत, एवढी काळजी आपणच घ्यायला हवी.

उदगीरची लढाई जेवणाच्या टेबलावर

युद्धखेळ आणि दिवाळीचा किल्ला यांत एक मूलभूत फरक आहे. किल्ल्यावर एकच बाजू असते. सगळे मावळे आपले. शत्रू असलाच तर एखादा अफजलखान, तोही पडलेला. युद्धखेळाला मात्र दोन बाजू लागतात. कोणीतरी दुसरी बाजू रंगवावी लागते, मांडावी लागते आणि तिच्या वतीने विचार करावा लागतो.

आम्ही उदगीरची लढाई निवडली. ३ फेब्रुवारी १७६०. एकीकडे सदाशिवरावभाऊ, त्यांच्याबरोबर इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना आणि कवायती पायदळ; दुसरीकडे सलाबतजंग आणि निजाम अली. उदगीरहून औशाच्या रोखाने सरकणाऱ्या निजामी फौजेला मराठ्यांनी घेरले आणि तिचा मोड केला. तहात निजामाने साठ लाखांचा मुलूख दिला आणि अशीरगड, दौलताबाद, विजापूर, बऱ्हाणपूर अशी ठाणी सोडली. महिनाभरात भाऊंचा मुक्काम परतूरला पडला आणि तिथूनच ते उत्तरेकडे निघाले. पानिपतावर आपल्याकडे केवढे लिहिले गेले. त्या वाटेचा आरंभ जिथे झाला ते उदगीर लातूर जिल्ह्यातल्या अनेकांना फक्त तालुक्याचे गाव म्हणून ठाऊक असते.

डब्यातले सैनिक अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानी फौजेचे, दोन्ही बाजूंना चालतील असे. पहिल्याच रविवारी मुलीने पन्नासेक घोडेस्वार ओळीने मांडले आणि विचारले, “बाबा, यातला निजामाचा कोणता आणि आपला कोणता?”

उत्तर शोधायला मला दोन महिने लागले. आणि उत्तर असे की, कपड्यांवरून सांगता येत नाही. अंगरखा, कमरेला शेला, डोक्याला पागोटे, हातात भाला, पाठीला ढाल. दख्खनी घोडेस्वार दोन्ही फौजांत होता आणि तो एकच पोशाख घालत होता. एवढेच नाही, तो बऱ्याचदा एकाच जातकुळीतलाही होता. धनाजी जाधवांचा मुलगा चंद्रसेन हा शाहू महाराजांचा सेनापती. तो निजामाला जाऊन मिळाला आणि त्याला जहागीर मिळाली ती उदगीरच्या शेजारच्या भालकीला. त्याचा मुलगा रामचंद्रही निजामाच्या पदरी होता. रावरंभा निंबाळकरांची हकिगत तशीच. उलट बाजूला, भाऊंच्या विजयाचा एक मोठा आधार असलेला इब्राहिमखान हा आधी फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत वाढलेला. पुढच्याच वर्षी तो पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून मेला. ‘गारदी’ हा शब्द मात्र १७७३ च्या नारायणरावांच्या खुनानंतर आपल्या तोंडी शिवीसारखा बसला, आणि इब्राहिमखानाचा मावळ्यांच्या शेजारी उभा राहण्याचा हक्क त्यात बुडाला. बाजारातल्या कुठल्याही संचात गारदी मिळत नाही.

मग आम्ही काय केले? बायको महालक्ष्म्यांचे मुखवटे वर्षानुवर्षे रंगवत आली आहे, चेहरे तिच्याकडे. तिने दोन्ही बाजूंचे चेहरे एकाच रंगाने केले. मला ते लगेच जाणवले नाही. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “अहो, उन्हात सगळे सारखेच रापणार ना? माणसं तर इथलीच होती.” फरक आम्ही फक्त निशाणांत ठेवला. एका बाजूला भगवा आणि जरीपटका, दुसऱ्या बाजूला आसफजाही पिवळा झेंडा, त्यावर कुलच्याचे गोल चिन्ह. झेंडे काढून घेतले तर दोन फौजा एकमेकींत मिसळून जातात.

खेळात आणखी एक गोष्ट कळली. निजामाची बाजू घेऊन बसल्यावर मला तोफांचे गाडे सोडून पळता येईना आणि ते ओढत वेगही धरता येईना. मराठी घोडदळ चहूबाजूंनी टोचत होते आणि औशाचा कोट टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता. पुस्तकात वाचलेला ‘कोंडी झाली’ हा शब्द त्या दिवशी मला पहिल्यांदा समजला. शत्रूच्या जागी बसून पाहिल्याशिवाय आपल्या माणसांचे कसबही नीट दिसत नाही.

पणाला काय आहे

एवढ्याशा बाहुल्यांबद्दल इतके का लिहायचे, असे काही वाचकांना वाटेल. माझे उत्तर या प्रदेशाच्या इतिहासात आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली करत होता. आमच्या आजोबांच्या पिढीने ते दिवस भोगले आणि त्या जखमेबद्दल मी हलक्या शब्दांत बोलणार नाही. पण १९४८ ची जखम उचलून १७६० च्या शिपायाच्या तोंडावर फासणे हा इतिहास नव्हे. दोन शतकांच्या अंतरात माणसे, निष्ठा, चाकऱ्या आणि झेंडे बदलत गेले. मुलांच्या हाती आपण एकच साचा दिला, तर ती सगळा भूतकाळ एकाच साच्यात ओततील.

रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे. शिवाजी महाराजांचे थोरपण चमत्कारात नाही, त्यांच्या काळाच्या आणि समाजाच्या संदर्भात पाहावे, हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. खेळण्यांच्या बाबतीत मी तेच म्हणतो. महाराजांची गोवळकोंडा शैलीतली समकालीन किंवा त्यांच्या काळाजवळची लघुचित्रे आज लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम अशा ठिकाणी आहेत. वा. सी. बेंद्रे यांच्या खटपटीमुळे महाराजांचे विश्वसनीय चित्र मराठी माणसाला पाहायला मिळाले, त्याआधी भलत्याच माणसाचे चित्र त्यांचे म्हणून चालत होते. त्या लघुचित्रांतला तलम जामा, नक्षीचा पटका, कमरेची कट्यार, हातातला पट्टा पाहून कुंभाराने एक नवा साचा केला, तर तो आजच्या साच्यापेक्षा महाग पडेल का? थोडा पडेल. शाळांनी, स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी आणि आपण गिऱ्हाइकांनी तेवढा फरक सोसायला हरकत नाही.

करता येण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. लातूर-नांदेडच्या किल्ले स्पर्धांत भुईकोटासाठी वेगळे बक्षीस ठेवावे. मावळे न रंगवलेले, कोरे विकावेत; कुंभाराला त्याचा योग्य दाम द्यावा आणि रंगकाम मुलांनी घरी आईवडिलांबरोबर करावे. रंग लावायला बसले की, मूल विचारू लागते. याच्या पायात काय होते? ढाल कशाची? हा जेवायचा काय? घोड्याला चारा कोण आणायचे? तयार मावळा असे प्रश्न विचारायला लावत नाही. आणि एखाद्या वर्षी किल्ल्याच्या पायथ्याशी समोरची फौजही मांडावी, तिच्यासाठीही तेवढीच मेहनत घेऊन रंग कालवावा.

नांदेडला दिवाळीच्या सुमारास सचखंड हुजूर साहिबमध्ये तख्तस्नान होते. गोदावरीचे पाणी आणून जुनी शस्त्रे धुतली जातात. शस्त्र वर्षातून एकदा धुवून, पुसून, नीट पाहून ठेवायचे असते. आपल्या मनातल्या इतिहासाचेही तसेच असावे. त्यासाठी मोठे संग्रहालय नसले तरी चालते. एक जुने वर्तमानपत्र, वाटीभर पाणी, शून्य नंबरचा कुंचला आणि बोटभर उंचीचा, अजून रंग न लागलेला एक सैनिक पुरतो.